टस्कनीच्या पांढऱ्या रस्त्यांवर: किती किलोमीटर, कुठला टायर, आणि पाऊस आला तर काय?

मागच्या अंकात इटलीतल्या टस्कनीबद्दल दोन-चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देते. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिएना शहराच्या उत्तरेला कियान्तीचे द्राक्षमळे आहेत आणि दक्षिणेला क्रेते सेनेसी म्हणजे चिकणमातीच्या उघड्याबोडक्या टेकड्या, आणि या दोन्ही भागांत डांबर न पडलेले खडीचे गावरस्ते अजून शाबूत आहेत, खडी पांढरी म्हणून नावच 'स्त्रादे बिआंके', पांढरे रस्ते. मी दोनदा जाऊन आलेय, एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑक्टोबरमध्ये, त्यामुळे खाली बरंचसं स्वतः चालवून बघितलेलं आहे.

ताई, माझ्या दोन 200 किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइड, वेळेत पूर्ण झाल्यात. तिथली जुन्या सायकलींची राइड आहे ना, इरोइका, तिचा 209 किलोमीटरचा रूट दोन दिवसांत आणि मग उरलेले तीन दिवस रोज शंभर, असा प्लॅन आहे. जमेल ना? (वाचक, कोथरूड, पुणे)

पाय आहेत तुमच्याकडे, त्यामुळे ओढूनताणून जमेलही, पण असं करू नका हो. दोन दिवसांचे चार करा आणि बाकीच्या दिवसांचं शंभरचं पन्नास करा. मी हे प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येकाला वाटतं की ही आपल्याला कमी लेखतेय, तसं अजिबात नाहीये, हिशोबच वेगळा आहे तिथला.

आपल्याला घाटाची सवय असते. वरंधा म्हणा, ताम्हिणी म्हणा, सिंहगड म्हणा, एकदा चढ सुरू झाला की गिअर टाकायचा, श्वास लावायचा आणि वरपर्यंत तसंच जायचं, मग लांबच लांब उतार, त्यात पाय मोकळे होतात. टस्कनीत असा घाट जवळपास नाहीच. तिथे एक किलोमीटर चढ, मग एक किलोमीटर उतार, परत चढ, आणि हे सकाळी आठ ते दुपारी तीन चालूच, चढ 10 टक्के, 12 टक्के, मध्येच एखादा तुकडा 15 च्या पुढचा. वर खडी आहे म्हणून पेडलवर उभं राहता येत नाही, उभं राहिलं की मागचं चाक जागेवर फिरतं, म्हणजे बसूनच दामटायचं. आणि उतारावर आराम मिळेल म्हणावं तर तिथे सुटी खडी आणि आडव्या खळग्यांची लाटच लाट, दोन्ही ब्रेक धरून हात भरून येतात. मी आपल्याकडे रस्त्यावर ताशी 22-23 ने जाते, तिथे दिवसाचा ॲव्हरेज 13 पडला आणि संध्याकाळी चमचा धरताना बोटं थरथरत होती.

209 च्या त्या रूटमध्ये निम्म्याहून जास्त खडी आहे आणि चढ साडेतीन हजार मीटरच्या वर. कायमच्या तपकिरी पाट्या लावलेल्या आहेत, त्यामुळे इरोइकाचा दिवस नसला तरी वर्षभर कधीही आपलं आपण जाता येतं. गायोले इन कियान्ती गावातून निघून ब्रोलिओचा किल्ला, सिएना, मुर्लो, मोंताल्चिनो, बुओनकोन्वेन्तो, अशानो, कास्तेल्नुओवो बेरार्देंगा, राद्दा आणि परत गायोले. मुक्काम सिएना, मोंताल्चिनो आणि अशानो इथे केलेत की चार दिवस होतात. पहिला दिवस मुद्दाम छोटा ठेवा, कारण सिएनात पोचून ते शिंपल्यासारखं उतरतं मैदान, पियात्सा देल काम्पो, उन्हं उतरताना त्या विटांवर बसून बघायचं असतं, धापा टाकत रात्री आठला पोचून नाही.

आणि हे रस्ते उरले कसे हेही माहीत असू द्या, कारण ते आपोआप उरलेले नाहीत. 1997 मध्ये जान्कार्लो ब्रोची यांनी गायोलेत 'लेरोइका', म्हणजे हीच इरोइका, सुरू केली, पहिल्या वर्षी 92 जण आले होते. 1987 च्या आधीच्या पद्धतीची जुनी सायकल, गिअरचे खटके फ्रेमच्या खालच्या दांडीवर, पायाला पट्ट्याचे क्लिप, असा नियम, आणि हेतू हाच की लोकांना या कच्च्या रस्त्यांची किंमत कळावी आणि त्यावर डांबर पडू नये. त्यातूनच पुढे 2007 मध्ये व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत निघाली, तीच आता दर मार्चमध्ये सिएनाला संपणारी स्त्रादे बिआंके. तादेय पोगाचारने 2024 मध्ये तिथे 81 किलोमीटर एकट्याने पुढे राहून जिंकली होती, ज्यांनी लाइव्ह बघितली त्यांना आठवत असेल.

त्याने तेव्हा सगळ्यांना जिथे मागे टाकलं तो मोन्ते सान्ते मारिएचा तुकडा तुमच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी येईल, अशानोजवळ, 11.5 किलोमीटर सलग खडी. फाबियान कान्चेलाराने 2016 मध्ये ही शर्यत तिसऱ्यांदा जिंकली म्हणून हा तुकडा त्याच्या नावे केलाय, रस्त्याकडेला दगड उभा आहे. मी तिथे थांबून पाणी प्यायले तेव्हा दोन्ही बाजूंना नुकत्याच नांगरलेल्या राखाडी टेकड्या होत्या, एकही झाड नाही, ढेकळं नारळाएवढी, आणि लांबवर एका टेकडीच्या माथ्यावर एकच घर आणि त्याच्याकडे जाणारी सुरूसारख्या सायप्रेस झाडांची रांग. वारा सोडला तर आवाज नाही. अशा ठिकाणी पुढच्या पंचेचाळीस किलोमीटरची चिंता डोक्यात असली तर काय उपयोग, म्हणून म्हणते, किलोमीटर कमी करा.

माझ्याकडे 32 चे टायर असलेली हायब्रिड आहे आणि जुनी एमटीबी (माउंटन बाइक) पण आहे. यातली न्यावी, का खडीच्या रस्त्यांसाठीची ग्रॅव्हल बाइक घ्यावीच लागेल? (वाचक, सातारा)

एमटीबी न्या, बिनधास्त. हायब्रिड 32 वर जाईल, शर्यतवालेही असल्याच बारीक टायरवर जातात, पण त्यांच्या मागे स्पेअर चाकं घेऊन गाडी असते, तुमच्या नसणार. 40 ते 45 मिलिमीटरचा टायर म्हणजे त्या रस्त्यांसाठी अगदी नेमका. ट्यूबलेस असेल तर सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, नवीन भरून जा आणि प्लगचं किट खिशात ठेवा, ट्यूब असेल तर हवा फार कमी करू नका, खळग्यात रिम आपटून ट्यूबला साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. माझं वजन 62 आहे, 40 च्या ट्यूबलेसमध्ये पुढे 30 आणि मागे 33 पीएसआय ठेवत होते, एकदाही पंक्चर नाही.

टायरपेक्षा गिअर बघा. पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दाते मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीपेक्षा कमी किंवा निदान तेवढेच हवेत, म्हणजे पुढे 40 तर मागे 40-42. सिएनाच्या जवळ ले तोल्फे नावाचा तुकडा आहे, जेमतेम 1.1 किलोमीटर, आधी खाली जातो आणि मग समोर भिंत उभी राहिल्यासारखा 18 टक्के चढतो. तिथे हलका गिअर नसेल तर उतरून ढकलायचं, आणि सायकलिंगच्या बुटाच्या क्लीटने, म्हणजे पेडलमध्ये अडकणाऱ्या तळाच्या खटक्याने, खडीवर ढकलणं फार वाईट. चालता येतील असे एमटीबीचे बूट घ्या. ब्रेक पॅड निघायच्या आधी बदला, उतारावर धूळ आणि खडी मिळून ते झिजवून टाकतात.

आम्ही दोघं नवराबायको, वय 58 आणि 55, शुद्ध शाकाहारी. खायचे हाल होतील का? आणि ई-बाइक भाड्याने घेतली तर त्यात कमीपणा आहे का? (वाचक, नाशिक)

काका-काकू, कमीपणा कसला त्यात! ई-बाइक घ्याच. तिथल्या कायद्याप्रमाणे मोटरची मदत ताशी 25 पर्यंतच मिळते आणि पेडल तुम्हालाच मारायचं असतं, फक्त ते 15 टक्क्यांचे चढ माणसासारखे होतात. ती तिथेच भाड्याने घ्या, एवढी मोठी बॅटरी प्रवासी विमानात नेऊच देत नाहीत. आणि रोज रात्री चार्जिंगला कुठे लावायची ते मुक्कामाच्या ठिकाणी आधी विचारून ठेवा.

खाण्याचं म्हणाल तर टस्कनीचं घरगुती जेवण हे गरिबाघरचं जेवण आहे, शिळा पाव, घेवडा, पालेभाजी, ऑलिव्हचं तेल. रिबोल्लिता म्हणजे पांढरा घेवडा, काळसर पानांचा कोबी आणि शिळा पाव एकत्र शिजवलेलं दाटसर सूप, पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला शिळा पाव, आपल्या शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्याच्या जातीचं, पहिल्या घासाला मला घरचंच आठवलं. पिची हा पास्ता हाताने वळतात, जाड शेवयांसारखा, तो 'आल्लाल्योने' म्हणजे टोमॅटो-लसणात किंवा नुसत्या पावाच्या कुरकुरीत चुऱ्यात मिळतो. रिबोल्लितात कधी कधी डुकराच्या मांसाचा तुकडा घालतात, म्हणून 'सेन्झा कार्ने?', म्हणजे मांस नाही ना, असं विचारूनच घ्या. आणखी एक सांगते, कारण नंतर कळलं की मनाला लागतं. तिथलं मेंढीच्या दुधाचं पेकोरीनो चीज फार नावाजलेलं आहे, पण दूध फाडायला बहुतेक ठिकाणी जनावराच्या पोटातलं रेनेट वापरतात, तुम्ही कडक असाल तर ते टाळा. तिथला पाव बिनमिठाचा असतो, खराब नाहीये, तशीच पद्धत आहे.

वेळेचं मात्र लक्षात ठेवा. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, मग स्वयंपाकघर बंद, ते संध्याकाळी साडेसातच्या आसपास उघडतं. तीन वाजता भुकेले पोचलात तर बारमध्ये कॉफी आणि फार तर सँडविच. पाठीवर काकूंनी थेपले-चिक्की ठेवलीच असेल, ती इथे कामाला येते. पाण्यासाठी गावागावात नळ असतात, नळ दिसला नाही तर गावाबाहेरचं कबरस्तान शोधा, तिथे फुलांसाठी नळ असतोच. फक्त 'नोन पोताबिले' अशी पाटी असेल तर ते प्यायचं नाही.

व्हिसा आणि ट्रेनमध्ये सायकल, दोन वाक्यांत सांगा. (वाचक, डोंबिवली)

शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतो, शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. फ्लोरेन्सहून सिएनाला साधी रीजनल ट्रेन साधारण दीड तासात नेते, सायकलचं चिन्ह असलेल्या डब्यात सायकलचं वेगळं तिकीट काढून चढायचं, आणि बुओनकोन्वेन्तो नि अशानोलाही स्टेशन आहे, म्हणजे कोणी थकलं तर परतीची सोय.

मी एकटी जाणार आहे. माणसांची भीती नाही वाटत, कुत्र्यांची वाटते. व्हिडिओत मेंढ्यांमागे मोठी पांढरी कुत्री दिसली. (वाचक, ठाणे)

तुझी भीती खरी आहे, आणि यावर नीट उत्तर मिळायला हवं. ती मारेम्मा जातीची कुत्री. क्रेते सेनेसीत 1950-60 च्या सुमारास सार्डिनियातून बरेच धनगर येऊन राहिले, पडीक जमिनी घेतल्या, मेंढ्या पाळल्या, आज तिथलं चीज चांगलं आहे त्यात त्यांचा मोठा वाटा. ही कुत्री पिल्लू असल्यापासून मेंढ्यांतच वाढतात आणि कळप हेच त्यांचं घर असतं. आपल्याकडे नुसतं वाकून दगड उचलल्यासारखं केलं तरी कुत्रं पळतं, तिथे ते चुकूनही करू नकोस, कळपावर हल्ला झालाय असं समजून ते उलट अंगावर येतं. वेगात पळून जायचाही प्रयत्न नको.

मला मुर्लोच्या पुढे एका वळणावर आधी घंटा ऐकू आल्या, मग तीन कुत्री रस्त्यावर. मी उतरले, सायकल माझ्या आणि त्यांच्या मध्ये धरली, डोळ्यांत न बघता हळू आवाजात बोलत चालत राहिले, मराठीतच बोलले, शब्द काय आहेत याने फरक पडत नाही, आवाजावरून त्यांना कळतं की हा माणूस आहे. दोन मागे फिरली, तिसरं शंभर पावलं सोबत आलं आणि कळपाची हद्द संपल्यावर बसलं. छाती धडधडत होती हे खरं, पण झालं काहीच नाही. मेंढ्या रस्ता ओलांडत असतील तर थांब, कळपातून सायकल घालायची नाही.

कुत्र्यांपेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते ती शिकार. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून 31 जानेवारीपर्यंत इटलीत शिकारीचा मोसम असतो, आणि थंडीच्या तोंडावर रानडुकरांसाठी बंदुका घेऊन हाका घालतात. मंगळवार आणि शुक्रवार मात्र देशभर शिकार बंद असते. म्हणून ऑक्टोबरनंतर जाणार असशील तर जंगलातले तुकडे या दोन दिवशी ठेव, भडक रंगाचं जॅकेट घाल, आणि 'काच्चा', म्हणजे शिकार, लिहिलेली पाटी, बाजूला उभ्या गाड्या आणि केशरी जॅकेटवाली माणसं दिसली तर मागे फिर. अडचणीला 112. दऱ्यांमध्ये रेंज जाते, म्हणून मॅप आधीच डाउनलोड करून ठेव.

आम्ही म्युनिकला राहतो, मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला झेपेल असं भूमध्य समुद्राकडचं काही सुचवा. (वाचक)

मुलाला टस्कनी नको, त्या चढांनी त्याचा सायकलवरचा जीवच उडेल. स्पेनमध्ये कॅटलोनियातलं जिरोना बघा. तिथे ओलोत ते जिरोना अशी जुनी नॅरोगेज रेल्वे होती, ती 1969 मध्ये बंद झाली आणि त्या मार्गाचा आता सायकलचा कच्चा रस्ता केलाय. रेल्वेचा रस्ता म्हटल्यावर चढ अगदी अंगाबाहेरचे नसतात, आणि ओलोतहून निघालात तर बहुतेक उतारच. पुढे जिरोनाहून साधारण 40 किलोमीटरवर सांत फेलिऊला थेट समुद्रावर पोचता, मुलाला यापेक्षा चांगलं बक्षीस नाही. ओलोतच्या भोवती निजलेले ज्वालामुखी आहेत, आणि जवळ कास्तेल्फोयित नावाचं गाव बसाल्टच्या उभ्या कड्यावर वसलंय, सह्याद्रीचा काळा कातळ बघितलेल्या माणसाला ते बघून गावाकडचीच आठवण येते. तुम्हाला दोघांना खरी ग्रॅव्हल हवी असेल तर एकाने मुलाजवळ थांबायचं आणि दुसऱ्याने सकाळी गावार्रेसच्या टेकड्यांत जाऊन यायचं, बुचाच्या ओकची जंगलं आहेत तिथे, खोडाची साल काढलेली असते तिथून झाड विटकरी दिसतं.

आमचं तिकीट ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याचं आहे. पाऊस लागला तर रस्ते चालू असतात का? (वाचक, कोल्हापूर)

हा प्रश्न शेवटी ठेवला कारण याचं उत्तर मी चुकून शिकले आणि तुम्ही तसं शिकू नये असं वाटतं.

खडीचा मुख्य पांढरा रस्ता पावसातही चालतो. चाक जड लागतं, अंगावर दुधाळ चिखल उडतो, पण जाता येतं. घात होतो तो शॉर्टकटमध्ये, म्हणजे मोबाइलच्या मॅपवर रस्ता दिसतो पण प्रत्यक्षात ती खडी न टाकलेली शेताची वाट असते. क्रेते या शब्दाचा अर्थच चिकणमाती, लाखो वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता त्याच्या तळाचा हा गाळ. कोल्हापूरकरांना काळ्या रानात पावसात ट्रॅक्टर कसा रुततो ते सांगायला नको, ही माती राखाडी आहे एवढाच फरक.

रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडलं होतं. अशानोहून निघाल्यावर दोन किलोमीटर वाचतील म्हणून मी अशा वाटेला लागले. पहिल्या तीस मीटरमध्ये टायर दुप्पट जाड झाला, पन्नासाव्या मीटरला माती चाक आणि फ्रेमच्या मध्ये अशी ठासून बसली की चाक फिरेचना. भाड्याची सायकल होती, तिच्यात 42 चा टायर कसाबसा मावत होता, दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढीही जागा नव्हती, दुकानात घेताना मी ते बघितलंच नाही. वाळक्या काटकीने खरवडायचं, चार पावलं जायचं, परत खरवडायचं. शेवटी सायकल खांद्यावर घेतली, ती मातीमुळे दीडपट जड, आणि बुटाखाली मातीचे थर चढत गेले तसा पाय उचलेना. दोन किलोमीटरला दीड तास लागला. मागचा गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर वाकला तो वेगळाच.

2010 च्या जिरो द'इतालियात, म्हणजे इटलीच्या अनेक टप्प्यांच्या मोठ्या शर्यतीत, मोंताल्चिनोला संपणारा टप्पा याच रस्त्यांवर भर पावसात झाला होता, कॅडेल एव्हान्स जिंकला, त्याच्या अंगावर विश्वविजेत्याची इंद्रधनुष्याची जर्सी होती आणि चिखलाने ती ओळखू येत नव्हती. तोही खडीचाच रस्ता होता बरं का, शेतवाट नाही.

तेव्हा तुम्ही असं करा. पाऊस पडला त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत क्रेतेच्या भागात पाटी लावलेला रूट अजिबात सोडू नका, किंवा सरळ उत्तरेला कियान्तीत जा, तिथली जमीन दगडाळ आहे, पाणी लवकर निचरतं. सायकल भाड्याने घेताना टायर आणि फ्रेमच्या मध्ये करंगळी आरामात जातेय का ते बघूनच पैसे द्या. सोबत एक स्पेअर हँगर, त्याच सायकलचा, दुकानातच मागून घ्या. मडगार्ड अगदी चिकटून बसणारे असतील तर काढून ठेवा, माती आधी तिथेच अडकते. आणि संध्याकाळी मुक्कामाला पोचलात की माती ओली असतानाच नळीच्या साध्या पाण्याने धुवा, एकदा वाळली की ती सिमेंट होते. पेट्रोल पंपावरचा जोराचा फवारा मात्र बेअरिंगवर आणि हबवर मारू नका, पाणी आत जातं आणि चौथ्या दिवशी चाक कुरकुरायला लागतं.